माथेरान, एक दाढ आणि आमची मनी

बाळाला दात येतो तेव्हा तो एकट्या बाळाला येत नाही, सगळ्या घराला येतो, असं माझी आई म्हणायची. पहिल्या खेपेला हे मला फारसं पटलं नव्हतं. आमच्या थोरलीचे दात कधी आले आणि कधी पडायला लागले ते कळलंसुद्धा नाही. पण धाकट्याने आईचा शब्द खरा करून दाखवला.

तो चौदा महिन्यांचा होता. पुढचे आठ दात कसेबसे आले आणि मग दाढांची पाळी आली. दिवसाला सहा-सहा लाळेरी भिजायची. चावायला चप्पल चाले, टीव्हीचा रिमोट चाले, ताईची कंपासपेटी चाले आणि काहीच हाताशी नसलं तर ह्यांचा खांदा! रात्री दीडच्या सुमारास जे रडणं सुरू व्हायचं, ते दूधवाल्याची घंटा वाजेपर्यंत. मी उठायची, हे उठायचे, सासूबाई उठायच्या. उठायची नाही ती फक्त आमची सात वर्षांची थोरली. ती पांघरूण डोक्यावरून घेऊन गप्प पडून राहायची. मला वाटायचं, किती शहाणी आहे, झोपेत आहे बिचारी!

ही गोष्ट २०२३ सालच्या डिसेंबरातली. थोरलीच्या वाढदिवसाला तिला माथेरानच्या झुकझुकगाडीत बसवायचं, असं ह्यांनी तिला जूनमध्येच कबूल केलं होतं. दिवाळी झाली, सहामाही झाली, गाडीही पावसाळ्यानंतर पुन्हा सुरू झाल्याचं पेपरात आलं. आणि नेमकी तेव्हाच ही दाढ!

सासूबाई म्हणाल्या, "अगं, दात येताना पोराला कुठे डोंगरावर वाऱ्यात नेतेस? हिच्या हट्टापायी त्या लेकराचे हाल." त्यांचंही चुकत नव्हतं. त्या बोलल्या ते काळजीपोटीच. हे म्हणाले, "पुढच्या वर्षी जाऊ." थोरली काहीच बोलली नाही. हट्ट नाही की रडणं नाही.

दुसऱ्या दिवशी केर काढताना तिच्या कॉटखाली मला तिचं दप्तर सापडलं. पुस्तकं काढून त्यात दोन फ्रॉक, एक स्वेटर आणि वाढदिवसाला आलेले पैसे घातले होते. आणि खाली, हातरुमालात गुंडाळून, बाळाचं चावायचं रबरी कडं! मी केरसुणी तिथेच टाकली आणि ह्यांना ऑफिसात फोन केला. "आपण जातोय," म्हटलं, "काय व्हायचं ते होऊ दे."

नेरळहून वर

आम्ही डोंबिवलीकर, त्यामुळे माथेरान आम्हांला तसं अंगणातच. कर्जत लोकल पकडायची. कल्याण, अंबरनाथ, बदलापूर मागे पडलं की गर्दीही मागे पडते. वांगणी, शेलू गेलं की खिडकीतून डोंगर दिसू लागतात आणि नेरळ येतं. पुण्याकडून येणाऱ्या मैत्रिणींनी कर्जतला उतरून मुंबईकडे जाणारी लोकल घ्यावी. मध्ये एक भिवपुरी रोड, की लगेच नेरळ.

छोट्या गाडीला डबे मोजकेच असतात आणि तिकिटंही मोजकीच. म्हणून पहाटेची लोकल धरून रांगेत लवकर उभं राहणं बरं. आम्ही अंधारातच निघालो. हे रांगेत, मी बाकावर, बाळ मांडीवर माझ्या पदराचं टोक चावत आणि थोरली फलाटाच्या कडेला उभी राहून ते दोन फूट रुंदीचे रूळ डोळे भरून बघत. "आई, हे आपल्या घरात पण मावतील," ती म्हणाली.

ही गाडी १९०७ साली सुरू झाली. मुंबईचे व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने ती बांधली. साधारण एकवीस किलोमीटरचा रस्ता, पण नागमोडी वळणं घेत घेत वर जायला अडीच-पावणेतीन तास लागतात. काही वळणं इतकी जवळची, की खिडकीतून पाहिलं तर आपल्याच गाडीचं इंजिन आपल्याला भेटायला येत असल्यासारखं वाटतं. पावसाने या गाडीला फार छळलंय. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत रूळच वाहून गेले, ते दुरुस्त होऊन गाडी धावायला २००७ उजाडलं. २०१९ च्या पावसात पुन्हा तेच झालं आणि नेरळहून वर जाणारी गाडी सुरू व्हायला ऑक्टोबर २०२२ यावा लागला. पावसाळ्याच्या महिन्यांत खालचा भाग बंदच ठेवतात. तेव्हा फक्त अमन लॉज ते माथेरान एवढीच गाडी चालते. त्यामुळे मुलांना गाडीचं कबूल करण्याआधी चौकशी करा. आमच्यासारखं जूनमध्ये कबूल करून बसू नका!

गाडी हलली तशी थोरलीची कळी खुलली. जुम्मापट्टी गेलं, वॉटर पाइप गेलं. नावं वाचून ती हसत होती. बाळ मात्र पहिल्या अर्ध्या तासातच कंटाळला. मी घरून स्वच्छ मऊ फडकी ओली करून थर्मासमध्ये बर्फाच्या पाण्यात टाकून आणली होती. एक पिळून त्याच्या हातात दिलं. गार फडकं हिरडीखाली आलं आणि तो शांत झाला. समोरच्या बाकावरच्या आजीबाई कौतुकाने म्हणाल्या, "चांगली युक्ती आहे हो." मग बोगदा आला. या मार्गावर एवढा एकच बोगदा, आणि त्याला साहेबांच्या काळापासून 'वन किस टनेल' म्हणतात. एका पाप्यापुरताच काय तो अंधार! हे सांगताना ह्यांनी उगाचच खिडकीबाहेर बघितलं. थोरली म्हणाली, "मग घेऊ या की!" आणि अंधार होताच तिने वाकून पापा घेतला, तो बाळाच्या ओल्या गालाचा.

माथ्यावरचं रान

माथेरान म्हणजे माथ्यावरचं रान. आहेही तसंच. समुद्रसपाटीपासून साधारण आठशे मीटरवर, तांबड्या मातीचं, गर्द झाडीचं हे गाव. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली इथे चढून आले आणि तेव्हापासून ते थंड हवेचं ठिकाण झालं. इथे मोटारगाड्यांना बंदी आहे. खालून टॅक्सीने आलात तरी दस्तुरी नाक्यावर उतरायचं आणि पुढे अडीच-तीन किलोमीटर चालत, घोड्यावरून किंवा अमन लॉजहून छोट्या गाडीने. रुग्णवाहिकेसारखा अपवाद सोडला तर गावात इंजिनाचा आवाज नाही. २००३ साली सरकारने हा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला.

आम्ही गेलो तेव्हा माणसाने ओढायच्या हातरिक्षाही होत्या. एक म्हातारासा रिक्षावाला म्हणाला, "ताई, बाळ घेऊन बसा की." पण धडधाकट माणसाने दुसऱ्याच्या छातीवर बसून चढ चढायचा, हे माझ्याने होईना. नको म्हणावं तर त्याची रोजी बुडते, बसावं तर मनाला लागतं. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या रिक्षा सहा महिन्यांत बंद करून त्या जागी विजेवर चालणाऱ्या रिक्षा आणायचा आदेश दिला, तेव्हा मला पहिली आठवण झाली ती त्या म्हाताऱ्याची.

आमची उतरण्याची सोय बाजारामागे एका काकूंच्या घरी होती. दोन खोल्या, पुढे ओटी, अंगणात तुळस. काकूंनी बाळाला पाहताच विचारलं, "दाढा का?" आणि न सांगता त्याच्यापुरता मऊ भात वेगळा शिजवला. आम्हांला तांदळाची भाकरी, पिठलं आणि लसणीची चटणी. प्रवासाने दमलेल्या बाईला आयतं गरम ताट मिळालं की माहेरी आल्यासारखं वाटतं, हे तुम्हांला मी काय सांगू!

दुपारी बाजारात गेलो. चिक्कीची दुकानं, कातड्याच्या चपला, वेताच्या काठ्या. आणि माकडं! मी पैसे देत होते तेवढ्यात एकाने पिशवीत हात घालून नेमकं बाळाचं रबरी कडं पळवलं. छपरावर बसून त्याने ते चावून पाहिलं, उलटंसुलटं केलं आणि टाकून दिलं. थोरली हसून म्हणाली, "आई, त्यालाही दाढ येतेय का गं?" आम्ही सगळे हसलो. कडं मात्र मी पुन्हा बाळाला दिलं नाही. माकडाच्या तोंडातली वस्तू धुऊनसुद्धा नको. म्हणून अशी कडी दोन न्यावीत.

हसू तेवढ्यावरच संपलं. कडं गेलं तसा बाळाने सूर धरला तो सुटेना. घोड्याशी ठराव झाला होता, थोरलीचा एक पाय रिकिबीतसुद्धा होता. मी म्हटलं, "उद्या बसू हं, बाळ रडतंय. तू ताई ना?" ती उतरली. सूर्यास्त बघायला पॉर्क्युपाइन पॉइंटला जायचं होतं, तेही राहिलं. "तू ताई ना?" चिक्कीचा तुकडा बाळाने मागितला, त्याच्या घशात अडकेल म्हणून तिलाही त्याच्यासमोर खाऊ दिली नाही. "तू ताई ना?" त्या दिवशी किती वेळा हे वाक्य म्हटलं ते मी नंतर आठवून मोजलं. नऊ वेळा.

रात्र

रात्री अकराला बाळाचं अंग तापलं. मी हात लावला आणि म्हटलं, "दाढेचाच ताप." आठवडाभर त्याचं नाक वाहत होतं, ते मी दाढेच्याच खात्यावर मांडलं होतं. तो सारखा उजवा कान ओढत होता. दाढ येताना मुलं कान ओढतात हे मला ठाऊक होतं, तेव्हा तेही दाढेच्याच खात्यावर! एक वाजता तो रडायचाही थांबला आणि नुसता कण्हायला लागला, तेव्हा मात्र माझे हातपाय गळाले. थर्मामीटर लावला, तर एकशे तीनला थोडाच कमी.

काकू कंदिलासारखा मोठा टॉर्च घेऊन आल्या. "दात आहे की काय ते डॉक्टरांना ठरवू दे," त्या म्हणाल्या. त्यांचा मुलगा पुढे, मागे हे बाळाला शालीत घेऊन आणि मी. थोरलीला काकूंच्या हवाली केलं. ती जागीच होती, पण मला तिच्याकडे बघायलासुद्धा सवड नव्हती. बाहेर काळोख इतका, की स्वतःचं पाऊल दिसेना. वाहन नसलेल्या गावाची शांतता दिवसा किती गोड वाटली होती! रात्री आजारी मूल घेऊन चालताना तीच शांतता खायला उठते.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई भेटल्या, वयाने माझ्याहून लहान. त्यांनी बाळाला नीट तपासलं, छोट्या दिव्याने कान पाहिला. "कानाला सूज आहे," म्हणाल्या. "सर्दी कानात उतरलीय. दाढ येतेय हे खरं, पण ताप तिचा नाही." मग मला खुर्चीवर बसवून त्यांनी शांतपणे जे सांगितलं, ते मी तुमच्यासाठी जसंच्या तसं लक्षात ठेवलंय.

दात येताना हिरडी सुजते, लाळ गळते, मूल चिडचिडं होतं, फार तर अंग किंचित कोमट लागतं. पण ताप १००.४ अंशांच्या वर गेला तर तो दाताच्या माथी मारायचा नाही, दुसरं कारण शोधायचं. जुलाबांचंही तसंच. दाताने जुलाब होत नाहीत. मूल मिळेल ते तोंडात घालतं, त्यातून पोटात घाण जाते आणि जुलाब होतात. "आयांचा ताप आणि जुलाबांवरचा संशय दातामुळे जातो आणि दोन दिवस फुकट जातात," त्या म्हणाल्या. वजन पाहून तापाचं औषध दिलं, कानासाठी वेगळं औषध लिहून दिलं, ते पूर्ण दिवस द्यायला बजावलं.

आम्ही परतलो तेव्हा अडीच वाजले होते. औषधाने बाळाला घाम येऊन डोळा लागला होता. ओटीवर काकू बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी दुलई लपेटून आमची थोरली. झोपायला गेलीच नव्हती म्हणे. मी जवळ गेले तशी तिने हळूच विचारलं, "आई, माझ्यामुळे झालं का गं?"

"तुझ्यामुळे? ते कसं?"

"मी हट्ट केला ना गाडीचा."

तिने हट्ट केलाच नव्हता. पण घरात बोललेलं एक वाक्य तिने पांघरुणाखाली नेऊन जपून ठेवलं होतं. सहा रात्री, आठ रात्री, किती ते देव जाणे! आम्ही समजत होतो ती झोपलीय. मी तिला पोटाशी धरलं आणि सांगितलं, "बाळाच्या कानात सर्दी गेली म्हणून ताप आला. ती डोंबिवलीतही गेली असती. तुझ्यामुळे काहीसुद्धा झालेलं नाही." ती "बरं" म्हणाली. पण मुलांचं "बरं" म्हणजे पटलं असं नसतं, हे आपण आया जाणतो.

एको पॉइंट

सकाळी बाळाचा ताप उतरला होता. हे म्हणाले, "मी बसतो बाळापाशी. तुम्ही दोघी जाऊन या." मी आढेवेढे घेतले. त्याला भरवायचं कोण, औषध कोण देणार? "मी बाप आहे त्याचा, पाहुणा नाही," हे म्हणाले. मग काय, निघालो.

थोरलीचा हात धरून रस्त्याने चालू लागले आणि माझ्या ध्यानात आलं, की चौदा महिन्यांत आम्ही दोघीच अशा कुठे गेलोच नव्हतो. माझा एक हात रिकामा आहे हेच मला चमत्कारिक वाटत होतं. झाडीतून उन्हाचे कवडसे पडले होते, तांबड्या धुळीने चपला रंगल्या होत्या, बुलबुल बोलत होते. आधी शार्लट तलाव लागला. गावाला पिण्याचं पाणी देणारा हा तलाव. काठाला पिसरनाथाचं देऊळ आहे, हा माथेरानचा ग्रामदेव. बाळासाठी हात जोडले. थोरलीनेही जोडले, आणि बराच वेळ डोळे मिटून होती.

तिथून एको पॉइंट. समोर उभा कडा, मध्ये खोल दरी. कुणी "आईऽऽ" ओरडत होतं, कुणी मित्राचं नाव, कुणी नुसतंच "ओऽऽ". दरी सगळ्यांचं ज्याचं त्याला परत करत होती. मी म्हटलं, "तूही ओरड ना!" तिने इकडेतिकडे पाहिलं, कठड्याला घट्ट धरलं आणि सगळा जीव गोळा करून ओरडली, "मनीऽऽऽ!"

समोरून आलं, "मनीऽऽ... नीऽऽ..."

ती माझ्याकडे वळली. चेहरा नुसता फुललेला. "आई, बघ, डोंगर मला मनी म्हणतो!"

मैत्रिणींनो, काय सांगू, माझ्या पोटात चर्र झालं. मनी हे तिचं लाडाचं नाव. जन्मल्यापासून घरात तिला मनीच म्हणत. बाळाचं बारसं झालं आणि सासूबाईंनी कौतुकाने म्हटलं, "आता ही आमची ताई." त्या दिवसापासून आम्ही सगळेच तिला ताई म्हणू लागलो. बाळाला बोलता यावं म्हणून नावाची तालीम! आणि ते बाळ तर अजून 'ता'सुद्धा म्हणत नाही. मनी कुठे गेली, हे आमच्यापैकी कुणी विचारलंच नाही. डोंगराने मात्र विचारलं.

मी म्हटलं, "मने, घोड्यावर बसायचं ना आता?"

ती थोडी लाजली. "घोडा नंतर. तू मला थोडं कडेवर घेशील?"

सात वर्षांची मुलगी, उंचीने माझ्या खांद्याला लागायला आलेली. घेतलं तिला. वीस पावलं असतील नसतील. पाय माझ्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते, कंबर बोलू लागली होती आणि समोरून येणारी मंडळी हसत होती. खाली ठेवलं तेव्हा ती म्हणाली, "बास. आता मी चालते." आणि उड्या मारत पुढे गेली.

संध्याकाळी ह्यांच्याबरोबर ती घोड्यावरही बसली. मी ओटीवर बाळाला गार दही-भात भरवत होते. चिक्कीही मनीने खाल्ली, बाळाच्या नजरेआड, काकूंच्या स्वयंपाकघरात बसून.

जाणार असाल तर

लहान मूल घेऊन जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगते. थर्मामीटर सामानात सगळ्यांत आधी भरा, हाताच्या अंदाजावर विसंबू नका. तापाचं औषध आपल्या डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे मात्रा लिहून घेऊन न्या. जीवनजल म्हणजे ओआरएसची पाकिटं न्या आणि पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ती मिसळा. उकळून गार केलेलं पाणी बरोबर ठेवा. मूल पाठुंगळी किंवा झोळीत घ्यायची सोय करा, या दगडाधोंड्यांच्या रस्त्यावर बाबागाडी उपयोगाची नाही. खाऊ बंद पिशवीत ठेवा, माकडं वाट बघतच असतात. घोड्याचा दर बसण्याआधी ठरवा. डिसेंबर-जानेवारीत रात्री गारवा असतो, कानटोपी विसरू नका. आणि पोचल्यावर आधी दवाखाना कुठे आहे ते विचारून ठेवा. चिक्कीचं दुकान आपोआप सापडतं!

दाढांसाठी गार ओलं फडकं, स्वच्छ धुतलेल्या बोटाने हिरडी हलकेच चोळणं आणि चावायचं कडं एवढं पुरतं. कडं फ्रिजमध्ये गार करा, बर्फासारखं कडक करू नका. टाकणखार मधातून हिरडीला लावायची जुनी चाल आहे. आमच्याकडेही होती. डॉक्टरीणबाईंनी ती साफ बंद करायला सांगितली, कारण टाकणखार पोटात जाणं धोक्याचं, आणि वर्षाच्या आतल्या मुलाला मध तर मुळीच द्यायचा नाही. हिरडी बधिर करणारी मलमंही मनाने आणू नका. गाजराचा कच्चा तुकडाही चावायला देऊ नका, मोडून घशात अडकतो. दुधाचे वीस दात साधारण अडीच-तीन वर्षांपर्यंत येऊन पूर्ण होतात. तेव्हा धीर धरा, शेवट आहे!

आणि थोरल्या मुलांसाठी? त्याला औषधाचं दुकान नाही. मी घरी आल्यावर एकच नेम केला. रोज संध्याकाळी बाळ आजीजवळ असताना अर्धा तास मनीचा. अभ्यास घ्यायचा नाही, केस विंचरायचे नाहीत, उपदेश तर नाहीच. ती म्हणेल ते करायचं. कधी पत्ते, कधी गच्चीत नुसतं बसणं. कामं राहतात. भांडी थोडी उशिरा घासली जातात. पण ती हल्ली रात्री बाळ रडला तर उठून विचारते, "मी काय करू?" आणि मी म्हणते, "काही नाही, झोप तू." मग ती खरंच झोपते. पांघरुणाखाली जागी नसते. मी बघते वाकून.

परतीच्या लोकलमध्ये वांगणी आलं असेल. बाळ मनीचं बोट चावत होता. ती एकदम ओरडली, "आई! टोचतंय!" मी हात पुसून बोट फिरवलं. खरंच, हिरडीतून दाढेचं पांढरं टोक वर आलं होतं. एवढ्याशा टोकाने केवढं रामायण घडवलं होतं!

घरी पोचलो. सासूबाई दारातच उभ्या. आधी बाळाला घेतलं, कान पाहिला, दाढ पाहिली, मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. मग नातीला म्हणाल्या, "काय ताई, कशी झाली सहल?"

ती चपला काढता काढता म्हणाली, "आजी, मी मनी."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रात्री निजानीज झाल्यावर मी त्यांना ओटीवरची गोष्ट सांगितली, त्यांचं ते वाक्यही सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. सकाळी मला जाग आली ती स्वयंपाकघरातून येणाऱ्या त्यांच्या आवाजाने, "मने, ऊठ बाळा, दूध गरम आहे तोवर पिऊन घे."